नवव्या आठवड्याचा कागद

मी एका माणसाला त्याच्या बायकोसमोर खोटं पाडलं. तो खरं बोलत होता, आणि तो आणि त्याच्याबरोबरचे रुग्ण सोडले तर हे दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातला एक मी. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. माझ्या बायकोलासुद्धा नाही. तिला अर्धी कळली असावी. उरलेली तिने विचारली नाही आणि मी सांगितली नाही.

साठच्या दशकाचा उत्तरार्ध. मी पुण्याहून डॉक्टर होऊन आलो होतो आणि लीड्सबाहेर टेकडीवर असलेल्या एका मोठ्या मनोरुग्णालयात ज्युनिअर होतो. आम्हा लोकांना तेव्हा अशाच जागा मिळत. सर्जरी-मेडिसिनच्या जागा इथल्यांना, म्हातारे आणि मनाचे रुग्ण आम्हाला. तक्रार म्हणून नाही लिहीत, होतं तसं लिहितो.

त्या रुग्णालयाची एके काळी स्वतःची शेती होती. गाई होत्या, डुकरं होती, बटाट्याचे मळे होते. मी आलो तोवर गाई गेल्या होत्या. उरली होती उंच भिंतीआडची बाग आणि तिच्या टोकाला एक लांबलचक, बुटकी, खिडक्या नसलेली शेड. बागेत रोज चौदा-पंधरा रुग्ण कामाला जात. बहुतेक दुसऱ्या महायुद्धातून परतलेले. कोणी ब्रह्मदेशातून, कोणी जहाजावरून, दोघे-तिघे फायर ब्रिगेडमधले. त्यांचा मुकादम म्हणजे हेड गार्डनर, साठी उलटलेला, स्वतःही जुना सैनिक. तो मला पहिल्या दिवशी म्हणाला, "डॉक्टर, तुमचा बुटाचा नंबर काय?" मी सांगितला. दुसऱ्या दिवशी अवजारांच्या खोलीत एका खिळ्यावर माझ्यासाठी रबरी बुटांचा जोड टांगलेला होता, आत वर्तमानपत्राचे बोळे घालून.

शेडबद्दल सांगायला हवं. तिथे रूबार्ब होत असे. रूबार्ब म्हणजे दिसायला अळूच्या देठांसारखी, लालसर, आणि चवीला कैरीला मागे टाकतील अशी आंबट देठं. त्या भागातली पद्धत अशी की गड्डे दोन वर्षं शेतात नुसते वाढू द्यायचे, एकही देठ तोडायचं नाही. मग थंडीत त्यांच्यावर हिम पडू द्यायचं, खणून काढायचे आणि पूर्ण अंधाऱ्या, ऊब दिलेल्या शेडमध्ये दाटीने मांडायचे. अंधारात ती देठं उजेड शोधत भराभर वाढतात आणि गुलाबी, कोवळी निघतात. तोडणीही अंधारातच, मेणबत्तीवर. जास्त उजेड लागला की वाढ बिघडते. लोखंडी गजाला मेणबत्ती खोचायची, गज मातीत रोवायचा आणि गजामागून गज पुढे सरकायचं.

आता ज्याच्याबद्दल लिहायचं आहे तो माणूस. तो फायर ब्रिगेडमध्ये होता. युद्धाच्या वर्षांत बंदरावरच्या एका जळत्या गोदामात तो आणि त्याचा जोडीदार शिरले, आणि तो एकटा बाहेर आला. त्यानंतरही पंधरा वर्षं त्याने नोकरी केली. मग एके दिवशी फायर स्टेशनवर चहाचं आधण ठेवायला काडी ओढली आणि ती हातात धरून उभा राहिला, बोटं भाजेपर्यंत. तेव्हापासून त्याला ज्वाळा सहन होईना. वॉर्डात कोणी सिगरेट पेटवली की हा भिंतीकडे तोंड करून बसायचा. बोलणं दिवसाकाठी दोन-चार शब्द. वेडा नव्हता. कागदोपत्री काहीही असो, तो वेडा नव्हता.

त्याला घरी का नेता येत नव्हतं, तेही सांगतो, कारण सगळं त्यावरच होतं. बायको शिलाईच्या कारखान्यात कामाला. घर वर एक आणि खाली एक खोली. ऊब म्हणजे खालच्या खोलीतली कोळशाची फायरप्लेस, पाणीही तिच्यावरच तापायचं. वरच्या खोलीत बायकोची आई, छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेली. दोन वर्षांपूर्वी हा "आता बरा आहे" म्हणाला म्हणून नाताळला घरी नेलं, तर त्याने दोन दिवसांत सात-आठ वेळा फायरप्लेसवर बादली ओतली. म्हातारी गारठून हॉस्पिटलात गेली. बायकोने त्याला परत आणून सोडलं आणि त्यानंतर दर रविवारी भेटायला येत राहिली.

त्या हिवाळ्यात आमच्या कन्सल्टंटनी मला बोलावलं. बाग बंद करून तिथे इमारत उठवायची आणि रुग्णांना आत बसून करायचं काम द्यायचं, अशी वरच्यांची इच्छा होती. कन्सल्टंट वाईट गृहस्थ नव्हते. म्हणाले, "बागेने फायदा होतो असं हेड गार्डनर म्हणतो. होत असेल तर दिसू दे. बारा आठवडे, मंगळवार आणि शुक्रवार सकाळी, तुम्ही तिथे उभे राहा आणि दर आठवड्याला प्रत्येकाचा एक कागद भरा. किती बोलला, किती काम केलं, कशाला घाबरला." मग जाता जाता म्हणाले, "तुमच्या ग्लासगोच्या नोकरीच्या अर्जासाठी मी शिफारसपत्र देणारच आहे."

आता माझ्या पिढीच्या सायन्सच्या विद्यार्थ्यांना वेगळं सांगायला नको. आपल्याकडे प्रॅक्टिकलची जर्नल असतात. प्रयोग वर्षभर करायचे असतात, आणि जर्नल आपण सबमिशनच्या आधी एका बैठकीत पूर्ण करतो. उत्तर आधी माहीत असतं. मग उत्तराकडून उलटं येत रीडिंगं बसवायची, एखादं मुद्दाम किंचित चुकवायचं म्हणजे खरं वाटतं. मी त्यात तरबेज होतो. माझी जर्नल वर्गात फिरायची. सरांनाही माहीत असायचं. ते सही करायचे.

पहिल्या मंगळवारी मी बागेत गेलो. अर्धा तास उभा राहिलो. वारा असा की कानांना भोकं पडतील. तो फायरमन शेडपासून लांब कुदळीने जमीन खणत होता. मी त्याला नमस्कारादाखल मान हलवली, त्याने पाहिलं नाही. मी बुटांच्या जोडाला हात लावला नव्हता, फरसबंदीवरच उभा होतो. सगळ्यात खरं म्हणजे मला तिथे उभं राहायची लाज वाटत होती. आमच्या घरात आजोबांपासून कोणी मातीत हात घातलेला नाही. सातासमुद्रापलीकडे येऊन मी शेणखतात उभा आहे, हे घरच्या पत्रात लिहिण्यासारखं नव्हतं. शिवाय डिप्लोमाची परीक्षा तीन महिन्यांवर होती. मंगळवार-शुक्रवारच्या सकाळी लायब्ररी रिकामी असायची आणि तिथला रेडिएटर चांगला होता.

बारा आठवड्यांचे कागद मी पुढच्या चार दिवसांत लायब्ररीत बसून भरले. बाराच्या बारा. शाईने. निळी आणि काळी शाई आलटून पालटून, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी भरल्यासारखं वाटावं. उत्तर मला माहीत होतं: बाग बंद व्हायची आहे. त्या फायरमनच्या कागदांवर मी लिहिलं, "एकटा काम करतो. बोलत नाही. शेडच्या जवळ जात नाही. बदल नाही." तिसऱ्या आठवड्यात मुद्दाम "दोन वाक्यं बोलला" असं घातलं, आणि चौथ्यात पुन्हा गप्प केला.

घरी बायको विचारायची, "अहो, बागेत जाता ना? मग रूबार्ब तरी आणा." शेजारणीने एकदा दिलेल्या रूबार्बचा तिने मेथांबा केला होता. गूळ नव्हता, ब्राऊन साखर घातली. तो इतका जमला होता की आम्ही दोघं न बोलता जेवलो. तेव्हापासून तिला वाटायचं की माझ्या नोकरीत एवढी एक तरी कामाची गोष्ट आहे. मी म्हणायचो, "मागणं बरं दिसत नाही." ती माझ्या बुटांकडे बघायची. माझे काळे ऑफिसचे बूट, आठवड्यातून दोन सकाळी बागेत उभे राहिलेले, एकदाही चिखलाने भरले नव्हते.

नवव्या आठवड्याच्या शुक्रवारी हेड गार्डनरने नर्सबरोबर चिठ्ठी पाठवली. पेन्सिलीने एकच ओळ: आज डॉक्टरांनी यावं. मी वैतागून गेलो. तो दारातच उभा होता, खिळ्यावरचे बूट हातात घेऊन. म्हणाला, "आज हे घालावेच लागतील, लव्ह." यॉर्कशरची माणसं पुरुषालाही लव्ह म्हणतात. मी घातले. ते मला अगदी बरोबर बसले.

शेडचं दार लागलं आणि मला काही दिसेना. ऊब होती, ओल्या मातीचा वास होता. आणि आवाज येत होता. टक. मग लांबून टक. कोंब वरचं आवरण फोडून बाहेर येतात त्याचा तो आवाज. हेड गार्डनर माझ्या कानाशी म्हणाला, "पहिल्या आठवड्यात तो नुसता बाहेर खणायचा. तुम्ही पाहिलंच. दुसऱ्यात मी त्याला हातगाडी घेऊन दारापर्यंत यायला सांगितलं, आला. चौथ्यात आत आला, मेणबत्तीकडे पाठ करून तोडायचा. मागच्या आठवड्यात दुसऱ्याने पेटवलेल्या मेणबत्तीच्या बाजूला बसला. तुम्ही लिहून घेतलं असेलच." यातला शेवटचा शब्द त्याने टोमणा म्हणून उच्चारला की नाही, हे मला अंधारात कळलं नाही.

म्हणजे आठ आठवडे तो माणूस एक एक पाऊल आत येत होता, आणि माझ्या कागदांवर जागचा हलला नव्हता.

मग काडेपेटीचा आवाज आला. पहिली काडी मोडली. दुसरी ओढली गेली. ज्वाळेच्या उजेडात मला आधी दोन हात दिसले, मग त्याचा चेहरा. चेहरा स्थिर होता. त्याने काडी वातीला लावली, वात धरेपर्यंत थांबला, काडी मातीत खुपसून विझवली आणि ओल्या बोटांनी ती पुन्हा एकदा तपासली. जुनी सवय असणार. मग गज उचलून तो माझ्याकडे आला, चारही बाजूंनी ती गुलाबी देठं, आणि मला म्हणाला, "इथे पाय ठेवा, डॉक्टर. तिथे नको, तिथे कोंब आहेत." मी पाय ठेवला. "दिसतंय ना?" त्याने विचारलं.

"दिसतंय," मी म्हणालो.

त्याने एक मूठभर देठं वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिली. "तुमच्या मिसेससाठी."

मी हॉस्पिटलमधल्या माझ्या खोलीत आलो तो हे लिहायचंच या विचाराने. ड्रॉवर उघडला. नवव्या आठवड्याचा कागद भरलेला होता. काळ्या शाईने, माझ्या नीटस अक्षरात: शेडच्या जवळ जात नाही. बदल नाही. तो फाडून नवा लिहिला असता, तर आठव्याचं काय? सातव्याचं? सगळे परत लिहायचे, तर फक्त याचेच नाहीत, पंधरा जणांचे, आणि इतरांनी काय केलं ते मला ठाऊकच नव्हतं. कन्सल्टंटकडे जाऊन सांगता आलं असतं. वीस पावलांवर त्यांची खोली. मी देठं खिडकीत ठेवली आणि म्हणालो, सोमवारी बघू. संध्याकाळी ती घरी नेली, बायकोने मेथांबा केला, आणि माझ्या पानातला तसाच राहिला. सोमवारी मी बघितलं नाही. बारा आठवडे झाल्यावर गठ्ठा जसाच्या तसा नेऊन दिला.

बैठक झाली. कन्सल्टंट, मेट्रन, मी, आणि टोपी हातात धरून उभा असलेला हेड गार्डनर. त्याला कोणी बसा म्हणालं नाही, तोही बसला नाही. कन्सल्टंट कागद चाळत म्हणाले, "कोणातही फरक नाही."

हेड गार्डनर म्हणाला, "एक जण मेणबत्ती पेटवतो, सर. स्वतः. आता तर रोज. डॉक्टरांनी पाहिलंय."

"डॉक्टर?"

मी म्हणालो, "माझं निरीक्षण नोंदीत आहे, सर."

हे वाक्य मी नंतर कित्येकदा पारखून पाहिलंय. त्यात शब्द म्हणून एकही खोटा काढता येणार नाही असं मला त्या वेळी वाटलं होतं, आणि त्याचा मला तेवढ्यापुरता अभिमानही वाटला होता. कन्सल्टंट सौम्यपणे हेड गार्डनरला म्हणाले, "तुमचा बागेवर जीव आहे, ते मी समजू शकतो." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. टोपी घातली आणि गेला.

पण मी सुरुवातीला लिहिलं ते हे नव्हे. ते पुढच्या रविवारी घडलं.

मी ड्युटीवर होतो. वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्या फायरमनची बायको बसलेली. मांडीवर पर्स, पर्सवर हातमोजे. मला पाहून उठली.

"डॉक्टर, दोन मिनिटं. तो म्हणतो त्याने मेणबत्ती पेटवली."

मी हातातली फाइल काखेत धरली.

"बागेतल्या म्हाताऱ्यानेही सांगितलं मला. पण तो तर सगळ्यांचंच चांगलं सांगतो. गेल्या खेपेला हा स्वतःच म्हणाला होता बरा झालो, आणि मी ऐकलं, आणि आईचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. मी दुसऱ्यांदा चुकू शकत नाही." ती थांबली. "तो म्हणतो तुम्ही होतात तिथे. म्हणतो, मी डॉक्टरांना उजेड धरला. तुम्ही पाहिलं असेल तर मी त्याला ईस्टरला घरी नेते. मग जमलं तर कायमचा. तुमच्या शब्दावर नेते."

माझ्यामागे वॉर्डाचं दार होतं, काचेची चौकट असलेलं. मला परीक्षेसाठी पाठ केलेलं एक वाक्य सापडलं. मी म्हणालो, "असं होतं कधीकधी, मॅडम. जे व्हावंसं पेशंटला फार वाटतं, ते झालंय असं त्याला वाटू लागतं."

तिने ते समजून घेतलं. मग सरळ विचारलं, "म्हणजे तुम्ही नाही पाहिलं."

"नाही."

ती हातमोजे घालू लागली, एक एक बोट नीट बसवत. म्हणाली, "थँक यू, डॉक्टर. सरळ सांगितलंत ते बरं केलंत."

ती आत गेली. मी जायला हवं होतं, पण उभा राहिलो. काचेतून दिसलं, ती त्याच्या शेजारी बसली आणि त्याच्या बाहीवर हात ठेवून काहीतरी सांगत होती, लहान मुलाला समजावतात तसं. तो ऐकत होता. मग त्याने मान वर केली आणि दाराकडे पाहिलं. मी काचेत होतो. रागाने नाही पाहिलं त्याने. अंधारात आपण पाऊल कुठे ठेवावं ते शोधतो तसं पाहिलं. नंतर त्याने बायकोकडे बघून मान डोलावली, तू म्हणतेस तसंच असेल, अशी.

त्यानंतर त्याने काडेपेटीला हात लावला नाही. हेड गार्डनरने सांगून पाहिलं, तो म्हणाला, "ते मी केलं नव्हतं."

उन्हाळ्यात शेड पाडली. तोडणी झालेले गड्डे असेही निकामीच असतात, ते ढिगावर टाकले गेले. रुग्णांना आत टेबलांशी बसवलं, बॉलपेनांना टोपणं लावायला. तो कोपऱ्यात बसायचा. दिवसाला किती टोपणं लागली त्याचे कागद कोणीतरी दुसरं भरायचं, आणि ते खरे असावेत. मला ग्लासगोची जागा मिळाली. निघण्याच्या दिवशी हेड गार्डनर, जो आता निवृत्त होत होता, गेटपाशी भेटला. त्याच्या हातात ते रबरी बूट होते. "एकदाच वापरलेत," तो म्हणाला. "नवेच आहेत. न्या." मी ते नेले. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

चार वर्षांनी तिथल्या एका नर्सच्या ख्रिसमस कार्डात कळलं की तो वॉर्डातच न्यूमोनियाने गेला. बायको शेवटपर्यंत दर रविवारी येत होती.

आता सत्तरचं दशक संपत आलंय. मी स्वतः कन्सल्टंट आहे. माझ्या हॉस्पिटलमागे बाग आहे, मी भांडून करून घेतली. खाणींत दडपलेली माणसं बाहेर काढणारे, ब्रिगेडमधले, सैन्यातले, असे आठ-दहा जण तिथे काम करतात. मी आठवड्यातून दोनदा ते बूट घालून तिथे उभा राहतो आणि उभ्यानेच लिहून घेतो. लोकांना वाटतं डॉक्टरांना बागेची आवड. बायको फेब्रुवारीत बाजारातून रूबार्ब आणते, मेथांबा करते, आणि माझ्या पानात वाढत नाही. का ते तिने कधी विचारलं नाही.

या बागेने काही फिटतं असं मी मानत नाही. ज्याचं होतं त्याच्याकडे ते गेलेलं नाही.

त्याच्या बायकोचा पत्ता मला पाठ आहे. ती त्याच घरात राहते, ते मी चौकशी करून ठेवलंय. तीनदा पत्र लिहायला बसलो. इंग्रजीत लिहू लागलो की माझ्या हातून रिपोर्ट होतो: परिस्थिती अशी होती, दडपण असं होतं. म्हणून हे मराठीत लिहिलं. पण मराठी तिला वाचता येणार नाही, हे लिहायला बसतानाच मला ठाऊक होतं. म्हणजे मी अजून लायब्ररीतच बसलेलो आहे.

तिला मी एक वाक्य देणं लागतो: तुमच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने मेणबत्ती पेटवली, माझ्यासाठी उजेड धरला, आणि मी ते पाहिलं. ते मी अजून दिलेलं नाही.